हात पोहोचेल एवढी टाकी

जेद्दाहून कायमचे घरी आल्यावर आमच्या ह्यांनी चौथ्याच दिवशी माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि पुढच्या खोलीची भिंत मोजायला घेतली. बॅगा अजून अर्ध्या भरलेल्याच होत्या. भिंत साडेआठ फूट भरली. मग धाकट्याच्या दप्तरातला खडू घेऊन त्यांनी भिंतीवर भला मोठा आयत काढला. सहा फूट लांब आणि अडीच फूट उंच.

"ही आपली नवी टाकी," ते म्हणाले. "खाली अडीच फुटांचं स्टँड, त्यावर ही. भिंतीपासून दीड फूट पुढे येईल. दारातून आत आलेल्या माणसाला पहिल्यांदा समुद्रच दिसला पाहिजे."

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, खिडकीजवळच्या दिवाणावर तसबीह फिरवत बसल्या होत्या. आयताचा डावा फूटभर भाग थेट त्यांच्या दिवाणावर येत होता. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि मी कुठं बसू? त्या पाण्यात?"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझी नजर आयताच्या वरच्या रेघेवर होती. ती रेघ जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर होती आणि माझी उंची आहे पाच फूट एक इंच.

ही गोष्ट टाकीची आहे, पण ती सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

ह्यांनी जेद्दाला एकोणीस वर्षं काढली. काम पंपांच्या देखभालीचं. तांबड्या समुद्राच्या काठचं ते शहर. तिथल्या जुन्या पेठेतली, अल-बलदमधली घरं प्रवाळाच्याच दगडांनी बांधलेली आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सुट्टीच्या दिवशी जोडीदारांबरोबर डोळ्यांना मास्क लावून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ते उतरत आणि रात्री फोनवर मला रंग सांगत बसत. कामाविषयी एवढं कधी बोलले नाहीत. 2013 साली दोन महिन्यांच्या रजेवर आले तेव्हा त्यांनी घरात खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबानं एकशे सत्तावीस लिटर. दगड आणि वाळू वजा जाता पाणी शंभराच्या आसपास.

रजा संपली. ते गेले आणि टाकी माझ्याकडे राहिली.

आमच्या वाडीपासून हर्णै बंदर रिक्षानं वीस मिनिटांवर. समुद्र एवढा जवळ असताना मी मुंबईहून बादलीनं मीठ मागवते, याचं शेजारणींना फार हसू यायचं. पण पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी किती गढूळ होतं आणि होड्यांचं डिझेल त्यात किती उतरतं, हे आपण कोकणातली माणसं जाणतोच. म्हणून गाळलेल्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ मिसळायचं, त्याची घनता 1.025 च्या आसपास आली की नाही ते मोजायचं आणि तापमान सव्वीस अंशांजवळ ठेवायचं. हे सगळं मी फोनवर ऐकून शिकले. पहिले सहा महिने रडत शिकले, नंतर मला त्याची गोडी लागली. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोकर माशांची एक जोडी होती. मला पाहिलं की दोघं काचेशी येत. थोरली म्हणायची, "अम्मी, तुझी वाट बघणारे घरात आणखी दोघं वाढले."

मग 3 जून 2020 आला. निसर्ग वादळ त्या दिवशी दुपारी आमच्या उत्तरेला श्रीवर्धनकडे किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. आमचे अर्धे पत्रे उडाले. परसातली सुपारी काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झाली. टाळेबंदीमुळे हे जेद्दात अडकलेले. घरात अम्मी, दोन मुलं आणि मी. वीज सकाळीच गेली होती आणि ती पुढे तीन आठवडे आली नाही.

वीज गेली की पंप थांबतो. पंप थांबला की पाणी हलत नाही, आणि पाणी हललं नाही की त्यात हवा मिसळत नाही. आमच्याकडे सेलवर चालणारा हवेचा एक छोटा पंप होता. त्याचे सेल दुसऱ्या रात्री संपले. दुकानं बंद होती आणि रस्त्यावर झाडं पडलेली होती. मी आणि थोरली तांब्यानं टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत टाकत बसलो. पाळी लावली होती, एक तास तिचा, एक माझा. तिसऱ्या दिवशी पाण्याला दुधासारखा रंग आला आणि वास येऊ लागला. काहीतरी आत मेलं होतं. काय ते दिसत नव्हतं, पण कुठे ते कळत होतं. मागच्या काचेला टेकवून रचलेल्या दगडांच्या मागे.

मी हात घातला. एक फूट रुंदीच्या त्या टाकीत दगड रचल्यावर हात वळायला जागाच उरत नव्हती. कोपर काचेला अडत होतं. दगड हलवायला गेले तर वरची चळत खाली येऊ लागली. थोरलीनं बॅटरी धरली होती. अर्धा तास मी धडपडले आणि शेवटी हात बाहेर काढला. फजरच्या आधी जोडीतली मादी गेली आणि उजाडल्यावर नर गेला.

आठवड्यानं टाकी रिकामी केली तेव्हा दगडामागे मुठीएवढी एक गोगलगाय सडलेली मिळाली. बाकीच्यांना तिनं नेलं होतं. हवा कमी पडलीच होती, पण त्या कुजण्यानं उरलीसुरली हवाही खाल्ली.

फोन लागला तेव्हा ह्यांनी आधी अम्मींचं विचारलं, मग मुलांचं, मग छपराचं. शेवटी हळूच म्हणाले, "आणि ते?" मी म्हटलं, "गेले." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू रात्र-रात्र जागलीस ना? मग झालं. अल्लाहची मर्जी."

गोगलगायीचं मी त्यांना सांगितलं नाही. टाकी त्यांनी हौसेनं स्वतः मांडली होती आणि दगड स्वतः रचले होते. परदेशात एकट्या बसलेल्या माणसाला काय सांगायचं, की तुम्ही रचलं तिथे माझा हात पोहोचला नाही?

ते मी त्या खडूच्या आयतासमोर सांगितलं. चार वर्षांनी.

रात्री मुलं झोपल्यावर दोघं त्या भिंतीसमोर बसलो होतो. मोठी टाकी का हवी ते हे मला समजावत होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. थोड्या पाण्यात बिघाड लवकर होतो. शंभर लिटरात एक मासा मेला तर जेवढं विष होतं, तेवढंच चारशे लिटरात चौपट पातळ होतं. उन्हाळ्यात थोडं पाणी झटकन तापतं आणि जास्त पाणी सावकाश. म्हणून नवख्यानं छोट्या टाकीपासून सुरुवात करावी हा समज खाऱ्या पाण्याच्या बाबतीत उलटा आहे. "सहा बाय दीड बाय अडीच," ते म्हणाले, "म्हणजे सहाशे सदतीस लिटर. पुन्हा वादळ आलं तरी ही तगेल."

तेव्हा मी गोगलगायीचं सांगितलं. आणि म्हटलं, "पुन्हा वादळ आलं तर घरात कोण असेल ते आज माहीत नाही. मागच्या वेळी मी होते. टाकीचं माप माझ्या हाताचं घ्या."

ते बराच वेळ गप्प होते. मग उठले, टेप आणली आणि म्हणाले, "हात वर कर."

काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात पंचवीस इंच भरला. त्यांचा अठ्ठावीस. पण कामावर पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा पुरता वर जात नाही, हे त्यांनीच आधी कबूल केलं. अडीच फूट म्हणजे तीस इंच उंचीच्या टाकीत काठाला काख टेकवून मी कितीही वाकले तरी तळ पाच इंच दूर राहणार होता. वीस इंच उंचीच्या टाकीत पाच इंच हात उरणार होता. हिशेब एवढा सरळ होता. खडूनं काढलेली वरची रेघ त्यांनी हातानंच पुसली आणि दहा इंच खाली नवी काढली.

उंची कमी केल्यावर बाकीचे प्रश्न एकेक करून सुटत गेले. त्याचा हिशेब इथे मांडते, कारण हौस असलेल्यांच्या तो उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट काचेची. काचेवर येणारा पाण्याचा दाब लांबीवर ठरत नाही, पाण्याच्या खोलीवर ठरतो. उंची दीडपट केली की समोरच्या काचेवरचा एकूण रेटा सव्वादोन पट होतो. म्हणजे काच जाड घ्यावी लागते, ती महाग पडते आणि तिचं वजनही वाढतं. आम्हाला वीस इंच उंचीला बारा मिलिमीटरची काच पुरली, वर कडेनं काचेच्या पट्ट्या मारून.

दुसरी गोष्ट उजेडाची. प्रवाळाला उजेड लागतो, कारण त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. पाणी जितकं खोल तितका तळाला उजेड कमी, म्हणजे दिवे भारी आणि विजेचं बिल मोठं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पाणी श्वास घेतं ते वरच्या उघड्या पृष्ठभागातून. ह्यांच्या सहा बाय दीडच्या टाकीचा पृष्ठभाग नऊ चौरस फूट होता. मी म्हटलं, उंचीत वाचलेलं रुंदीत टाका. पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद केली तर दहा चौरस फूट होतात. पाणी सहाशे सदतीसवरून चारशे बहात्तर लिटरवर आलं, पण हवेला मिळणारी जागा वाढली. पाणी थोडं कमी, श्वास जास्त. त्या तीन रात्री तांब्यानं पाणी ढवळलेल्या बाईला हे गणित कुणी समजावून सांगायला नको.

रुंदीचा दुसरा फायदा दगडांना. दीड फूट रुंदीत दगड मागच्या काचेला टेकतातच आणि त्यांच्यामागे अंधारी खबदाड तयार होते. घाण साचते ती तिथेच. दोन फूट रुंदीत मधोमध दोन सुट्या टेकड्या रचता येतात आणि मागे पाच-सहा इंचांची वाट मोकळी राहते. मागच्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत समोरून माझा हात आताही पोहोचत नाही. पण टाकीची उजवी बाजू आम्ही भिंतीपासून सोडवून ठेवली आहे. तिथे स्टुलावर उभं राहिलं की मागच्या वाटेत हात जातो, आणि राहिलेल्या ठिकाणी लांब चिमटा. भिंत आणि टाकी यांच्यातही चार इंच जागा सोडली. वायरी आणि पाइप तिथून जातात आणि दुरुस्तीला हात घालता येतो.

आता लांबी. सहाची पाच फूट कशी झाली, ते अम्मींमुळे.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वर्तमानपत्रं चिकटवून पाच फूट बाय दोन फुटांचा एक कागद केला आणि जमिनीवर अंथरला. भिंतीवरच्या चित्रात टाकी किती पुढे येते ते कळतच नाही. जमिनीवरच्या कागदावरून कळतं. दोन दिवस आम्ही सगळे त्या कागदाला वळसा घालून चाललो. धाकटा दोनदा त्यावरून गेला, म्हणजे वाट अरुंद होते हे समजलं आणि कागद थोडा सरकला. अम्मींचा दिवाण खिडकीजवळ जिथे होता तिथेच राहिला. त्यांना वारा तिथेच लागतो, आणि आता खाली बसता येत नाही म्हणून नमाज त्या तिथेच बसून पढतात. टाकी त्यांच्या पायगतीशी संपते.

एका फुटानं काय जातं? ह्यांचा एक मासा गेला. निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा सर्जन मासा, जो सिनेमामुळे लहान पोरांनाही माहीत आहे. दुकानात तो दोन-तीन इंचांचा मिळतो, पण वाढून फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो. त्याला सहा फूट लांबीसुद्धा जेमतेम. हे एकोणीस वर्षं त्याच्याविषयी बोलत होते. वर्तमानपत्राच्या कागदाकडे बघत त्यांनी एकदाच विचारलं, "एक छोटा आणला तर? मोठा झाल्यावर बघू." मग स्वतःच मान हलवली. "नको. मोठा झाल्यावर कोण घेणार त्याला?" तो त्यांनी आजवर पाहिला तेवढाच पुरे, असं ठरलं.

मुलाचं म्हणणं होतं टाकी वरच्या मजल्यावर ठेवावी. त्यासाठी नात्यातल्या एका इंजिनीअरना विचारलं. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून बांधतात, असं त्यांनी सांगितलं. आमच्या टाकीचं पाणी, काच, दगड, स्टँड आणि खालची टाकी मिळून वजन पाऊण टनाच्या घरात जातं आणि ते एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा आकडा हलका घेऊ नये. तुळई कुठून जाते, स्लॅब किती जुना आहे, हे जाणकाराला दाखवल्याशिवाय मोठी टाकी मांडू नये. आमचं घर चिऱ्याचं, खालची जमीन पक्की. टाकी खालीच राहिली.

खालची टाकी म्हणजे स्टँडच्या पोटातली, जिथे पंप, गाळणी आणि फेस काढणारं यंत्र असतं. वरचं पाणी काठावरून खाली उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. हिचं माप बहुतेक जण शेवटी घेतात आणि पस्तावतात. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी काठाच्या पातळीपर्यंत खाली येतच राहतं. पाच बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेतेवीस लिटर. त्यात पाइपमधलं पाणी मिळवा. म्हणून खालच्या टाकीत पन्नास लिटरांची जागा कायम रिकामी ठेवायची. ह्यांनी तिच्यावर लाल रंगाची रेघ मारली आहे. त्या रेघेच्या वर पाणी भरायचं नाही, हे घरात धाकट्यापासून सर्वांना पाठ आहे.

शेवटी दार. आमच्या घराचं जुनं दार अठ्ठावीस इंचांचं. दोन फूट रुंदीची टाकी त्यातून आडवी करून जाते. अडीच फूट रुंदीची गेली नसती. चिपळूणच्या काचवाल्यानं आधी आम्हालाच विचारलं, "माप आतलं की बाहेरचं?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाहेरचं, असं सांगितलं. काचेची जाडी, काठाखालचं रिकामं बोट आणि दगड वजा जाता प्रत्यक्षात पावणेचारशे ते चारशे लिटर पाणी बसतं. औषध किंवा मीठ टाकताना हाच आकडा धरायचा. कागदावरचा चारशे बहात्तर धरला तर चूक होते.

पाण्याचा प्रश्न अम्मींनी काढला. "मे महिन्यात वाडीत टँकर येतो. आणि आपण काचेत पाणी भरून बघत बसायचं? हिशेब द्यावा लागतो, बेटा." त्यांचं बोलणं मला लागलं. आम्ही पावसाळ्यात टाकी भरायची असं ठरवलं, छपराचं पाणी धरून, गाळून आणि शुद्ध करून. शुद्ध करताना जे पाणी वाया जातं ते सुपारीच्या नव्या रोपांना देतो. पाणी रोज थोडं उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून त्या जागी गोडं पाणीच घालायचं. आठवड्याला चाळीस लिटर बदलतो. ते काढलेलं खारं पाणी झाडांना चालत नाही आणि समुद्रात तर मुळीच टाकायचं नाही, त्यातून परका जीव किंवा रोग जायला नको. ते मोरीतच जातं. मे महिन्यात बदल निम्म्यावर आणतो आणि मासे मोजकेच ठेवतो, म्हणजे भागतं. मोठी टाकी घेतली म्हणून मासे वाढवायचे नाहीत, हे दोघांनी एकमेकांना वचन दिल्यासारखं आहे.

आणखी एक सांगायला हवं. दगडी प्रवाळाला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाइतकंच संरक्षण आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा उचलून घरात आणू नये. आमच्या टाकीतले दगड माणसानं बनवलेले आहेत. त्यांवर मऊ प्रवाळाचे चार-पाच प्रकारच आहेत, पावती घेऊन आणलेले. त्यांतल्या बटणांसारख्या दिसणाऱ्या काही जातींत जबर विष असतं. म्हणून हात घालायचा तो मोज्यांनिशी, आणि लहान मुलांनी तर घालायचाच नाही.

श्रावणसरी चालू असताना टाकी भरली. पहिले सहा आठवडे आत फक्त वाळू, दगड आणि पाणी. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाढायला एवढा वेळ द्यावाच लागतो. अम्मी रोज असरनंतर दिवाणावर बसून त्या रिकाम्या पाण्याकडे बघत. पाहुणे विचारत, "मासे कुठं आहेत?" अम्मी सांगत, "आधी घर तयार होतंय, मग माणसं येतील."

पुढे माणसं आली. जोकरांची एक जोडी, दोन छोटे हिरवट-निळे मासे आणि एक काच साफ करणारी गोगलगाय. गोगलगायीला मी आधी विरोध केला होता. मग म्हटलं, ठीक आहे, पण ती कुठे आहे ते मी रोज बघणार.

गेल्या जुलैत हे खांद्याच्या उपचारांसाठी मुंबईला गेले होते. रात्री अकराला वीज गेली. वरचं पाणी खाली उतरताना येणारा तो घोटाळल्यासारखा आवाज झाला आणि लाल रेघेच्या दोन बोटं खाली थांबला. इन्व्हर्टरवर हवेचा पंप सुरू झाला. मी बॅटरी घेऊन सगळे मोजले. गोगलगाय दिसेना.

स्टूल ओढलं, बाही वर केली, मोजे चढवले आणि उजव्या बाजूनं दगडांमागच्या वाटेत हात घातला. ती वाळूवर उलटी पडली होती. बोटांना लागली. उचलली, सरळ केली, दगडावर ठेवली. थोड्या वेळानं तिनं पाय बाहेर काढला आणि काचेला चिकटली.

अम्मी जाग्याच होत्या. अंधारातून त्यांनी विचारलं, "सापडली?"

"सापडली," मी म्हटलं.

"मग झोप आता."

फोन उचलून मी ह्यांना दोन शब्द लिहिले, "हात पोहोचला." ते झोपले असतील असं वाटलं होतं. लगेच उत्तर आलं, "अल्हमदुलिल्लाह. बाही वाळत घाल, खारं पाणी डाग सोडतं."